सांडपाण्याच्या तळ्यातलं पाणी हिरवंगार झालंय, म्हणजे नगरपरिषदेची प्रक्रिया बंद पडली का?

नाही, ऑक्सिडेशन पाँडमधलं (म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या अशा तळ्यातलं) पाणी हिरवं असणं हे प्रक्रिया चालू असल्याचं लक्षण आहे. या उथळ तळ्यांना ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) लागत नाही, म्हणूनच लहान गावांना ती परवडतात. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि त्यावर जिवाणू घाण पचवतात. शिवाय शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे भर दुपारी पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ९ च्या वर जाऊ शकतो आणि बरेच रोगजंतू मरतात. हा फायदा फुकटातला. तक्रार करायची ती पुढीलपैकी काही दिसलं तर:

- पाणी करडं-काळं किंवा जांभळट होऊन सडक्या अंड्यांचा वास सुटला (बहुधा क्षमतेपेक्षा जास्त मैला येतोय, नाहीतर तळाशी गाळ साचलाय)
- जलपर्णीने तळं झाकलं. मग ऊन आत जातच नाही

मात्र हिरवं म्हणजे शुद्ध नव्हे. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत बाहेर सोडायच्या पाण्यात विष्ठेतल्या कोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा १०० मिलिलिटरला १००० ठेवली आहे. तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय हे पाणी कोथिंबीर-पालकाला देऊ नका.