आधी दारू सोडवू की आधी डिप्रेशनचं बघू?

हा प्रश्न मला पेशंटच्या घरच्यांकडून सारखा येतो, म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. एक बाई एकट्याच आल्या होत्या, म्हणाल्या, "मॅडम, हे म्हणतात टेन्शन आहे म्हणून पितो, सासूबाई म्हणतात पितो म्हणून टेन्शन आहे, आणि मी दोघांच्या मधे. एक जण म्हणाला आधी दारू सोडवा मग या, दुसरा म्हणाला आधी मनाचं बघा."

या असं एकीकडून दुसरीकडे पाठवण्याचा मला खरंच राग येतो. दोन्ही त्रास एकाच माणसात असणं काही दुर्मिळ नाही. अमेरिकेत 20 हजारांवर लोकांचा एक मोठा सर्व्हे झाला होता, 1990 मध्ये छापून आला, त्यात दारूचा आजार असलेल्यांपैकी 37 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा मानसिक आजारही झालेला निघाला. मग एकाच माणसाला दोन दारं का दाखवायची?

पुढच्या वेळी त्यांचे मिस्टर स्वतः आले. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची 10 प्रश्नांची चाचणी आहे, 40 पैकी 8 किंवा त्याहून जास्त गुण आले की सावध व्हायचं, ती दिली. सहावा प्रश्न सकाळी उठून पहिला घोट लागतो का असा आहे, तिथे त्यांचं पेन थांबलं, बायकोकडे न बघता त्यांनी खूण केली आणि हात इतका थरथरत होता की खूण चौकटीच्या बाहेर गेली. एकूण 23. मग मी जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हे सरळच विचारलं. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला जागा मिळते. ते म्हणाले, "कधी कधी वाटतं नसलेलंच बरं."

बाईंनी लगेच ठरवलं की आजपासून बाटली बंद. मी म्हटलं थांबा, असं अजिबात करू नका! रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर 6 ते 24 तासांत थरथर, घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, त्यांनी दाखल करून घेतलं, थरथर आवरायची औषधं दिली आणि बी-1 व्हिटॅमिन सुरू केलं.

घरी आल्यावर मी एक वही करायला सांगितली, किती वाजता झोपलो, किती वाजता जाग आली, मन कसं होतं, एवढंच. "प्यायल्याशिवाय झोप येत नाही" असं ते म्हणायचे, पण दारूने डोळा लवकर लागतो आणि रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात झोप तुटते, हे त्यांना माझ्या बोलण्यापेक्षा वहीतून जास्त पटलं, कारण प्यायचे तेव्हा रोज पहाटे 3 ला जाग यायची आणि तिसऱ्या आठवड्यात ती 5 वर गेली होती.

दारू थांबल्यावर बऱ्याच जणांची उदासी तीनचार आठवड्यांत बरीच उतरते. यांची थोडी उतरली, पण सकाळी उठवत नव्हतं, कशात मन लागत नव्हतं, म्हणून चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळीही सुरू केली. बाईंनी विचारलं, "म्हणजे यांचंच खरं होतं की सासूबाईंचं?" मी म्हटलं दोघांचंही, आणि आधी काय झालं ते शोधत बसलो असतो तर हे चार आठवडे हातचे गेले असते.

मागच्या वेळी ते मधल्या दोन दिवसांसकट वही घेऊन आले. त्या दोन दिवसांपुढे लिहिलं होतं, "घेतली." मी विचारायच्या आधीच त्यांनी ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.