वैधता, अधिमान्यता आणि राजीनामा

अमळनेरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वक्तृत्व स्पर्धेचा विषय छापून आला, 'आंतरराष्ट्रीय न्यायालयांची वैधता : विकसनशील देशांच्या नजरेतून'. एक परीक्षक म्हणतात, 'वैधता' नव्हे, 'अधिमान्यता' हवे. कोणाचे बरोबर?

परीक्षकांचे. वैध म्हणजे विधीला धरून, कायद्यात बसणारे. अधिमान्य म्हणजे ज्यांच्यावर अधिकार चालतो त्यांनी मनापासून मानलेले. अहिराणीत हा फरक एका वाक्यात सांगता येतो : 'न्याव कायदामा बसस, पन आमले मान्य नही.' तरी दोन्हींना सरसकट 'वैधता' म्हटले जाते आणि वादाचा मुद्दाच हरवतो.

१९६६ चा निकाल घ्या. नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या नामिबियातल्या, वर्णभेदी कारभाराविरुद्ध इथिओपिया आणि लायबेरिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. मते सात-सात पडली. अध्यक्षांनी निर्णायक मत टाकले आणि 'तुमचा दाद मागण्याचा हक्कच सिद्ध होत नाही' म्हणून दावे फेटाळले गेले. निर्णायक मताची तरतूद नियमांतच आहे, त्यामुळे वैधता शाबूत. पण आफ्रिका-आशियातल्या नवस्वतंत्र देशांचा विश्वास उडाला.

'अधिमान्यता' हा घडवलेला शब्द आहे, जुन्या मराठीत ही कल्पनाच नव्हती, असे काही भाषातज्ज्ञ ठासून सांगतात. साफ चूक. कल्पना होती, आणि तिचा रीतसर कागदही होता : राजीनामा.

राजीनाम्याचा 'राज्या'शी काडीचा संबंध नाही; ती व्युत्पत्ती कृपा करून मुलांना शिकवू नये. अरबी 'राजी' म्हणजे संतुष्ट, कबूल. फारसी 'नामा' म्हणजे लेख. मिळून संमतिपत्र. मराठेशाहीत वाद पंचांपुढे गेला की वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत : पंच ठरवतील तसे वागू. सोबत वर्तणुकीचा जामीन. मग तकरिरी, म्हणजे दोन्ही बाजूंची निवेदने, साक्षी, निवाडा. शेवटी हरणाऱ्याचे येजितखत, म्हणजे हार मान्य असल्याची लेखी कबुली. सरकारात जिंकणाऱ्याने हरकी, म्हणजे जिंकल्याची रक्कम, भरायची; हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. अधिकार कायद्याने मिळाला तरी तो दोन्ही बाजूंनी कबूल करावा लागतो, हे त्या कारभाराला पक्के ठाऊक होते.

मग आजचा अर्थ कुठून आला? माझ्या मते शेतसाऱ्याच्या दप्तरातून. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात, म्हणजे खानदेशातही, शेतकरी जमिनीचा नंबर सोडताना राजीनामा देई आणि तो घेणारा कबुलायत लिहून देई. 'खुशीने सोडतो' यातली खुशी गळाली, सोडणे तेवढे उरले आणि नोकरी-पद सोडण्याच्या कागदाला तेच नाव चिकटले. हिंदीत मात्र राजीनामा म्हणजे अजूनही तडजोड.

हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय आजही जुन्या अर्थाच्या राजीनाम्यावरच चालते. देशाची संमती नसेल तर त्याच्याविरुद्धचा दावा तिथे उभाच राहत नाही. या न्यायालयाचा अधिकार मान्य करणाऱ्या १९७४ च्या घोषणेत भारताने राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळून ठेवले. म्हणून विमान पाडल्याबद्दलचा पाकिस्तानचा दावा २००० साली दारातच परतला. कुलभूषण जाधव प्रकरण चालले ते दुसऱ्या संमतीवर : वकिलातींच्या कामाविषयीच्या व्हिएन्ना कराराला जोडलेला, वाद या न्यायालयात नेण्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल दोन्ही देशांनी स्वीकारलेला होता.

२००२ पासूनचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय निराळे. तेही हेगलाच, म्हणून बातम्यांत दोन्हींची सर्रास गल्लत होते. पहिल्यापुढे देश उभे राहतात, दुसऱ्यापुढे माणसे. विकसनशील देशांची खरी तक्रार या दुसऱ्याबद्दल आहे. सुदान त्याचा सदस्य नव्हता, तरी २००५ मध्ये सुरक्षा परिषदेने तिथल्या दारफुर प्रांतातल्या अत्याचारांचे प्रकरण तिकडे पाठवले. वैध? हो, रोमच्या संविधीत, म्हणजे ते न्यायालय स्थापन करणाऱ्या करारात, तशी तरतूद आहे. पण परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी अमेरिका, रशिया आणि चीन हे तिघे स्वतः त्या न्यायालयाला बांधलेले नाहीत. स्वतः राजीनामा न देता दुसऱ्याला पंचांपुढे उभे करायचे, हे गावच्या पंचायतीतही खपले नसते. बुरुंडी २०१७ मध्ये आणि फिलिपिन्स २०१९ मध्ये त्यातून बाहेर पडले. तो राजीनामा आजच्या अर्थाचा.

तेव्हा विषय पुन्हा छापणार असाल तर 'अधिमान्यता' लिहा, आणि 'न्यायालयांची' असे मोघम न ठेवता कोणत्या न्यायालयाची, तेही लिहा.