नवा क्रॉलर घेतलाय? मोटर राहू द्या, आधी वजन खाली आणा

भाऊ, क्रॉलर म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी. तो वेगानं चढत नाही. टायर आणि वजनावर चढतो. १:१० च्या (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या) गाडीत पितळी वजनं पुढच्या अ‍ॅक्सलला, चाकांजवळ लावा. छतावर कॅरिअर-डबे लादले की चढावर गाडी मागं उलटते. टायर मऊच घ्या, दगडाच्या कडेवर दबले पाहिजेत.

नवख्याचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) सगळ्यात आधी जळतो, कारण चाक दोन दगडांत अडकलं तरी स्टिअरिंग दाबून धरतात. गाडी बोटभर मागं घ्या, मग वळवा.

बॅटरी लायपो (लिथियम-पॉलिमर) असेल तर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) लायपो मोडवरच हवा, म्हणजे तो वेळेत वीज तोडतो. बॅटरीतला एखादा सेल ३ व्होल्टखाली गेला की बॅटरी खराब. मे महिन्यात उन्हातल्या बंद कारमध्ये ती ठेवूच नका.

सराव नाल्यातल्या कोरड्या दगडांवर करा. पावसाळ्यात काळी माती चाकांत गच्च बसते, पकडच जाते.