वाचकांचे प्रश्न : एक्सेलमधल्या रेघा

प्रश्न : सोसायटीच्या मेंटेनन्सच्या शीटमध्ये थकबाकीच्या ओळी पिवळ्या केल्या होत्या. पैसे भरले तशा त्या परत पांढऱ्या केल्या, तर तिथल्या रेघाच गेल्या. शिवाय उरलेल्या रेघा इतक्या फिकट आहेत की डोळे ताणावे लागतात.
— खजिनदार, कोथरूड

उत्तर : रेघा गेलेल्या नाहीत, पांढऱ्या रंगाखाली झाकल्या आहेत. सेलमध्ये कोणताही रंग भरला की ग्रिडलाइन (एक्सेल स्वतःहून दाखवते ती फिकट रेघ) दिसेनाशी होते, आणि एक्सेलच्या लेखी पांढरा हाही रंगच. त्या ओळी सिलेक्ट करा, होम टॅबवरच्या रंगाच्या बादलीशेजारचा बाण दाबा आणि पांढऱ्याऐवजी 'नो फिल' निवडा. वेबसाइटवरून कॉपी केलेल्या तक्त्यातही पुष्कळदा हेच होते, पांढरा रंग मजकुराबरोबर येतो. अशा वेळी पेस्ट स्पेशलमधून फक्त मजकूर घ्यावा.

रंग गडद करायचा तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असे जाऊन बरेच खाली उतरा. 'डिस्प्ले ऑप्शन्स फॉर धिस वर्कशीट' या शीर्षकाशेजारच्या यादीत आपलीच शीट निवडलेली आहे ना, ते आधी बघा. मग 'ग्रिडलाइन कलर'. ही सेटिंग प्रत्येक शीटची वेगळी असते. मधला राखाडी पुरेसा आहे. काळा घेतलात तर ग्रिडलाइन कुठली आणि तुम्ही मारलेली बॉर्डर कुठली, हे उद्या तुम्हालाच कळणार नाही. बदलतो तो फक्त रंग. ग्रिडलाइन जाड किंवा तुटक करता येत नाही. त्यासाठी बॉर्डरच हवी.

लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखेच मोफत सॉफ्टवेअर) वापरत असाल तर तिथे याहून बरी सोय आहे. टूल्स, ऑप्शन्स, कॅल्क, व्ह्यू इथे रंगीत सेलवरही ग्रिडलाइन दाखवण्याचा पर्याय मिळतो.

प्रश्न : वर्गाचे हजेरीपत्रक एक्सेलमध्ये केले. स्क्रीनवर सगळे चौकोन दिसतात, पण अप्पा बळवंत चौकात प्रिंट काढली तर नुसती नावे आली, रेघ एकही नाही.
— शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : प्रिंटवाल्याचा दोष नाही. ग्रिडलाइन मुळात स्क्रीनपुरत्या असतात, सांगितल्याशिवाय कागदावर येत नाहीत. पेज लेआउट टॅबवर 'शीट ऑप्शन्स'मध्ये ग्रिडलाइन्सखाली 'व्ह्यू' आणि 'प्रिंट' अशा दोन टिका आहेत. त्यातली 'प्रिंट'ची टिक करा.

एवढ्यावर भागेलच असे नाही. एक्सेल मजकूर असेल तेवढ्याच भागाभोवती रेघा छापते. हजेरीपत्रकात पुढच्या तारखांचे रकाने कोरे असतात, म्हणजे नेमके जिथे चौकोन हवेत तिथे ते येणार नाहीत. म्हणून कोऱ्या रकान्यांसकट पूर्ण तक्ता सिलेक्ट करून 'प्रिंट एरिया'मधून 'सेट प्रिंट एरिया' करा. तरीही रेघा आल्या नाहीत तर पेज सेटअपच्या शीट टॅबमध्ये 'ड्राफ्ट क्वालिटी'ची टिक आहे का बघा. ती असली की रेघा गाळल्या जातात.

आमचे मत विचाराल तर सह्या आणि हजेरीच्या कागदाला सरळ बॉर्डर द्यावी. तक्ता सिलेक्ट करून कंट्रोल + १ दाबा आणि बॉर्डर टॅबवर या. इथे क्रम महत्त्वाचा : आधी रेघेचा प्रकार, मग रंग, आणि शेवटी 'आउटलाइन' किंवा 'इनसाइड'. रेघ मारून झाल्यावर रंग बदललात तर मारलेली रेघ तशीच राहते, आणि लोकांना वाटते सॉफ्टवेअर बिघडले. बाहेरची चौकट मध्यम जाड, आतल्या रेघा बारीक ठेवा. झाले की व्ह्यू टॅबवरची ग्रिडलाइन्सची टिक काढा. आता स्क्रीनवर उरल्या त्या सगळ्या बॉर्डर. दुकानात एक्सेल फाइलऐवजी पीडीएफ न्या, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरवर पाने इकडची तिकडे होणार नाहीत.

प्रश्न : बारा महिन्यांच्या बारा शीट आहेत. सगळ्यांतल्या ग्रिडलाइन एकदम घालवता येतील का?
— व्यापारी, मार्केट यार्ड

उत्तर : येतील. कोणत्याही शीटच्या नावावर राइट क्लिक करून 'सिलेक्ट ऑल शीट्स' निवडा आणि व्ह्यू टॅबवरची टिक काढा. लगेच पुन्हा राइट क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' करा. हे विसरलात तर जूनमध्ये टाकलेला आकडा बाराही महिन्यांत त्याच जागी जाऊन बसेल आणि आधीचा आकडा पुसला जाईल.

प्रश्न : रोजच्या उत्पादनाची नोंद ठेवतो. नवी ओळ भरली की तिला आपोआप चौकट यावी, खालच्या कोऱ्या ओळींना नको.
— सुपरवायझर, भोसरी

उत्तर : कंडिशनल फॉरमॅटिंगने, म्हणजे अट पूर्ण झाली की सेलचे रूप आपोआप बदलणाऱ्या सोयीने, होते. समजा शीर्षके पहिल्या दोन ओळींत आहेत आणि तारीख ए रकान्यात आहे. तिसऱ्या ओळीपासून ५०० व्या ओळीपर्यंत ए ते एफ रकाने सिलेक्ट करा. होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, आणि त्यातला शेवटचा, फॉर्म्युल्याचा पर्याय घ्या. तिथे हे लिहा : =$ए३<>"" (ए आणि ३ इंग्रजीतच टाइप करा). मग 'फॉरमॅट'मध्ये बॉर्डर टॅबवर 'आउटलाइन' निवडून ओके करा.

डॉलरचे चिन्ह सोडू नका. त्यामुळे ओळीतला प्रत्येक सेल ए रकान्याकडेच बघतो. ते नसेल तर प्रत्येक सेल वेगवेगळ्या रकान्याकडे बघेल आणि चौकटी तुटक येतील. फॉर्म्युल्यातला ३ हा सिलेक्शनच्या पहिल्या ओळीचा आकडा आहे. तो चुकला तर चौकट एखादी ओळ वर किंवा खाली सरकते. जाड किंवा दुहेरी रेघ इथे मिळत नाही, बारीकवर समाधान मानावे लागते. कोऱ्या दिसणाऱ्या ओळीला चौकट आली तर ए मधल्या त्या सेलमध्ये कोणाकडून तरी स्पेसबार दाबला गेला आहे. तो सेल सिलेक्ट करून डिलीट दाबा.

महिन्या-दोन महिन्यांनी 'मॅनेज रूल्स' उघडून बघा. ओळी कट-पेस्ट केल्या की एकाच नियमाचे तुकडे पडतात. जास्तीचे काढून एकच नियम पूर्ण भागाला लावा.

प्रश्न : गूगल शीट्समध्ये ग्रिडलाइनचा रंग कुठून बदलायचा?
— विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : बदलता येत नाही. व्ह्यू, शो, ग्रिडलाइन्स इथून त्या फक्त दाखवता किंवा लपवता येतात. रंग हवा असेल तर त्या लपवून बॉर्डर मारा. कागदावर ग्रिडलाइन हव्यात की नकोत, ते प्रिंटच्या पानावर 'फॉरमॅटिंग'मध्ये वेगळे ठरवावे लागते.