एका वेळी एकच दावा

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले आणि सोबत पाठवलेली ती लांबलचक चर्चाही वाचली. माणूस चंद्रावर गेलाच नाही, असे काकांनी म्हटल्यावर आणि हवा नसताना ध्वज फडकतो कसा, असे विचारल्यावर तू ध्वजाविषयी लिहिलेस; छायाचित्रांत तारे का नाहीत म्हणून ते ताऱ्यांकडे वळले, मग तूही वळलीस; वाटेतल्या घातक किरणोत्सारातून माणूस जगलाच कसा म्हणून ते किरणोत्साराकडे गेले आणि तू तिथेही त्यांच्यामागे गेलीस. शेवटी 'इतक्या शंका आहेत म्हणजे काहीतरी असणारच' हे त्यांचे वाक्य तुलाच खरे वाटू लागले. तुझी उत्तरे बहुतेक बरोबर होती. फक्त त्यांतले एकही तू शेवटास नेले नाहीस. एका वेळी एकच दावा घ्यायचा आणि तो मिटल्याशिवाय जागचे हलायचे नाही, हे मी तुला यापूर्वीही सांगितले आहे.

ध्वजाचेच घे. चंद्रावर हवा नाही हे ठाऊक असल्यामुळेच त्या ध्वजाच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती. माणसाला प्रथम चंद्रावर उतरवणाऱ्या अपोलो ११ या अमेरिकन मोहिमेच्या अंतराळवीरांना ती पूर्ण लांब करता आली नाही, म्हणून कापडाला चुण्या राहिल्या आणि छायाचित्रात तो फडकल्यासारखा दिसतो. ध्वजाची उभी काठी जमिनीत रोवताना कापड हलते, आणि हवेचा अडथळा नसल्यामुळे ते थांबायलाही अधिक वेळ घेते. इतके लिहून झाल्यावर काकांना विचारायचे होते, 'हा मुद्दा मिटला का?' 'हो' किंवा 'नाही', आणि 'नाही' असेल तर का नाही. तू मात्र विचारलेच नाहीस, आणि त्यांनी ताऱ्यांचे नाव काढताच ध्वज तसाच अर्ध्यावर टाकून दिलास.

ताऱ्यांबाबतही तसेच. सगळी अवतरणे चंद्रावरच्या दिवसा झाली. उन्हाने उजळलेली जमीन आणि पांढरे पोशाख टिपण्यासाठी कॅमेऱ्याची झडप इतका अल्प काळ उघडत होती की मंद तारे फिल्मवर उमटणे शक्यच नव्हते, हे तू नीट लिहिलेस. त्यापुढे १९७२ साली अपोलो १६ ने शास्त्रज्ञ जॉर्ज कॅरदर्स यांचा अतिनील किरण टिपणारा कॅमेरा चंद्रावर नेला होता आणि त्याने तिथून ताऱ्यांची छायाचित्रे घेतली, हेही सांगता आले असते. तेवढ्यात तू किरणोत्साराकडे धावलीस!

आता तुला न आवडणारे लिहितो. हा नियम आपल्यालाही लागू आहे. 'चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवरून, म्हणजे आरशासारख्या उपकरणांवरून, आजही लेसरचा प्रकाश परत येतो, म्हणून माणूस तिथे गेला' हा तुझा युक्तिवाद अपुरा आहे. असे परावर्तक सोव्हिएत संघाच्या लुनोखोद या मानवरहित गाड्यांवरही होते. परावर्तकावरून तिथे माणसाने बनवलेली वस्तू पोहोचली इतकेच सिद्ध होते. माणूस गेला हे दाखवायचे तर दगडमातीकडे वळावे लागते. अपोलोच्या सहा अवतरणांतून सुमारे ३८२ किलो नमुने आले, तर १९७० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या तीन स्वयंचलित लुना यानांनी मिळून आणलेली माती जेमतेम सव्वातीनशे ग्रॅम भरली; एवढा भार तेव्हाच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचा होता. शिवाय २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाच्या छायाचित्रांत अवतरणाच्या जागी अंतराळवीरांच्या पायवाटा दिसतात. काकांनी परावर्तकावर तुला पकडले असते, तर चूक त्यांची नसती.

आणि त्यांचे जे खरे आहे, ते मोकळेपणाने मान्य कर. अपोलो ११ च्या मूळ चित्रसंकेतांच्या फिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे नासाने स्वतःच २००९ मध्ये सांगितले. ही अक्षम्य बेपर्वाई होती; दूरचित्रवाणीवर दाखवलेली चित्रे वेगळी जपली गेली म्हणून आपल्याकडे ती उरली. सरकारे लपवतात, हेही खरे. सोव्हिएत संघाने माणूस चंद्रावर नेण्यासाठी एन-१ हे प्रचंड रॉकेट बांधले, १९६९ ते १९७२ या काळात त्याची चारही उड्डाणे फसली, आणि असा काही कार्यक्रम होता हे १९८९ पर्यंत जाहीरपणे मान्य केले नाही. तरीही या रॉकेटच्या जुलै १९६९ च्या स्फोटाने उद्ध्वस्त झालेला प्रक्षेपणतळ अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांच्या नजरेतून सुटला नाही. दोघे एकमेकांवर असा डोळा ठेवून असताना, खोटेपणा उघड करण्यात सर्वाधिक स्वारस्य असलेल्या मॉस्कोने अपोलोवर बनावटीचा आरोप का केला नाही, हा प्रश्न काकांसमोर ठेवण्याजोगा आहे. पण तो वेगळा दावा आहे, आणि त्याची पाळी नंतर येईल.

माझ्या या हट्टाची किंमत मी मोजली आहे. व्याख्यानानंतर एकाच शंकेवर मी इतका वेळ घालवतो की आयोजक घड्याळ दाखवू लागतात, आणि काही ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले नाही. एका जुन्या स्नेह्याने सावल्यांचा मुद्दा माझ्याशी शेवटपर्यंत लढवला, उंचसखल जमिनीवर आणि छायाचित्राच्या दृष्टिकोनामुळे समांतर सावल्याही वेगवेगळ्या दिशांना जाताना दिसतात हे अखेर मान्य केले, आणि त्यानंतर माझ्याशी बोलणे कमी केले. त्याची सल अजून आहे. मी थोडे सोडून द्यायला हवे होते, असे घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. अर्धवट सोडलेल्या शंका मिटत नाहीत, साठत जातात आणि मग त्यांच्या संख्येलाच लोक पुरावा समजतात. तुझे तेच झाले आहे. तो स्नेही निदान सावल्यांविषयी पुन्हा तसे बोलला नाही.

काकांवर चिडू नकोस. ते तुला हसत नाहीत, उत्तर मागत आहेत, आणि असा माणूस घरात असणे मी भाग्याचे मानतो. किरणोत्साराविषयी तू माझ्याकडे माहिती मागितली आहेस, म्हणून एवढेच लिहितो की अपोलोचा मार्ग व्हॅन ॲलन पट्ट्यांचा, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांचा, सर्वांत तीव्र भाग टाळून आखला होता, त्या पट्ट्यांतून जाणे काही तासांचे होते, आणि अंतराळवीरांजवळच्या मापकांवर नोंदलेली सरासरी मात्रा एक रॅडहूनही (रॅड हे किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) कमी भरली. मात्र हे त्यांना आत्ताच पाठवू नकोस. ध्वजाविषयी त्यांचे 'हो' किंवा 'नाही' अजून आलेले नाही. आधी ते माग, आणि आले की मला कळव.

तुझा हितचिंतक