घाटात गाडी घालण्याआधी

चिरंजीवास आशीर्वाद,

दिवाळीच्या सुट्टीत घरच्या सगळ्यांना घेऊन पहिल्यांदाच तू गाडी चालवणार, हे बाबांकडून कळलं. तुझी यादीही वाचली. राधानगरी, दाजीपूर, आंबोली, गगनबावडा, पन्हाळा, सगळं दोन दिवसांत! आजीला गाडीची खिडकी तेवढी दिसेल. आंबोली आणि पन्हाळा काढून टाक. फोंडा घाटानं खाली उतर, कोकणात मुक्काम कर, दुसऱ्या दिवशी तळेरे, वैभववाडी करत करूळ घाटानं वर ये.

राधानगरीला धरणापाशी थांब. शाहू महाराजांनी भोगावतीवर हे काम हाती घेतलं. इथले स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की पाण्याच्याच दाबानं उघडतात. तुम्ही जाल तेव्हा ते बंद असतील, पण बाबांपुढं विषय काढ, अर्धा तास कुठं गेला कळणार नाही. पुढं दाजीपूरचं जंगल. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात हे राधानगरी अभयारण्यही आहे. पोरांना मात्र 'गवा दाखवतो' असा शब्द देऊ नकोस. रस्त्यात आडवा आलाच तर लांबच थांब, हॉर्न नको, कुणी खाली उतरायचं नाही.

आता खरं काम. ज्या गिअरमध्ये घाट चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवा म्हणणारे शहाणे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. सारखा ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणांवर धरत नाहीत. जळका वास आला तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घे, आपोआप गार होऊ दे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, धुक्यात डिपरवरच, म्हणजे दिव्यांचा झोत खाली ठेवूनच, चालायचं.

करूळ चालू आहे ना, हे आदल्या दिवशी विचार. दरड किंवा दुरुस्तीमुळं बंद असेल तर भुईबावड्यानं चढ, तोही गगनबावड्यालाच येतो. तिथून चारच्या आत नीघ. उसाचा हंगाम सुरू झाला असेल तर अंधारात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं असतो आणि त्याला मागं दिवा असेलच असं नाही. घाटापेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त.

आजीला पुढं बसव, मागं तिला मळमळतं. आणि निघताना मिसळीचा हट्ट कुणी धरला तर सरळ नाही म्हण, परत आल्यावर खा.

तुझा काका