भावना वगळून मन कसं शिकणार?

मानसशास्त्राला नुकताच प्रवेश घेतला आहेस, तर एक सांगतो: ‘मी विवेकवादी, भावनाबिवना मानत नाही’ असा पवित्रा घेऊन वर्गात बसू नकोस. मेंदूशास्त्रज्ञ अंतोनियो दामासिओ यांच्या एका रुग्णाच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धी शाबूत, पण पुढच्या भेटीसाठी दोन तारखांतली एक निवडायची, तर फायदे-तोटे मांडत त्याने जवळजवळ अर्धा तास घालवला. तर्क होता, कौल देणारी भावनाच हरवली होती.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धतीसुद्धा भावना मारायला सांगत नाही. टोकाची चिंता नको, रास्त काळजी चालेल, एवढंच.

अध्यात्माचं जरा जपून. ‘ध्यानात देव दिसला’ असं कुणी म्हणालं, तर देव आहे की नाही हा वाद तिथे काढायचा नसतो. अनुभव कधी आला, त्यानंतर झोप, काम, नाती कशी आहेत, ते विचार. १९९४च्या डीएसएम-४मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, धार्मिक वा आध्यात्मिक समस्येची नोंद मानसिक विकारांपासून वेगळी ठेवली, ती उगाच नाही. मात्र ‘ऊर्जा’, ‘कंपनं’ असलं काही कुणी संशोधन म्हणून खपवू लागलं, की मोजलं कसं ते विचारायचं. बिनधास्त.